समेट कशाचा करायचा?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



‘मध्यस्थी’ हा शब्द आता सरकारदरबारी मानाचा झाला आहे. २०२३ साली संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला. त्याआधी १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी न्यायालयावर टाकली होती, आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतींना कायद्याचं बळ दिलं. वर्षानुवर्षं कोर्टात चपला झिजवण्यापेक्षा चार बैठकांत प्रश्न सुटत असेल, तर बाईला ते हवंच असतं. पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन या गोष्टी बोलून सुटतात, हे आपण सल्ला केंद्रात पाहतो. तेव्हा मी मध्यस्थीच्या विरोधात बोलायला उभी नाही.

माझं म्हणणं इतकंच, की मारहाण ही वाटाघाटीची बाब नाही.

गावातल्या पंचांनी केलेला किंवा चौकीत लिहिलेला समेटाचा कागद एकदा नीट वाचून पाहा. ‘पत्नीने सासू-सासऱ्यांचा मान राखावा, न विचारता माहेरी जाऊ नये, पतीने पत्नीस मारू नये, उभयतांनी गुण्यागोविंदाने नांदावे.’ सगळं एका दमात, एकाच तोलाचं! म्हणजे ती न विचारता माहेरी गेली, की करार तिनेच मोडला आणि हा हात उगारायला मोकळा. न मारणं ही नवऱ्याने दिलेली सवलत कधीपासून झाली?

हे काही आपणच म्हणतो असं नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. त्यातला नियम १४ काढून वाचा. समुपदेशनात त्याला आपल्या हिंसेचं समर्थन करता येत नाही. ‘ती उलट बोलली म्हणून हात उचलला’ हे तिथे चालत नाही, आणि हे त्याला बैठकीच्या आधीच सांगायचं असतं. पुन्हा हिंसा करणार नाही अशी हमी त्याने द्यायची असते. तडजोडीचा प्रयत्न करायचा तो तिची इच्छा असेल तर. हा नियम मोठ्या अक्षरांत लिहून केंद्राच्या भिंतीवर लावा. चौकीत जाताना त्याची प्रत पिशवीत असू द्या. साहेबांनाही तो ठाऊक असतोच असं नाही.

संयुक्त बैठकीआधी तिला एकटीला भेटा. भाऊ सोबत आला असला तरी त्याला बाहेर बसवा. ‘नांदायला जाते’ असं ती म्हणते, ते माहेरी जागा नाही म्हणून की खरंच जायचंय म्हणून, हे भावासमोर ती सांगणार नाही.

आता सहीबद्दल. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. ‘यापुढे पोटगी मागणार नाही’ ही ओळ तर कागदात हमखास घुसवली जाते. कर्नाटकातल्या एका प्रकरणात बाईने ८,००० रुपये घेऊन असंच लिहून दिलं होतं. पुढे तिने १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली दावा लावला. कलम १२५ खाली झालेली ती तडजोड या हक्काच्या आड येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. निर्णय चांगला, पण त्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढावं लागलं! सही करण्याआधी ती ओळ खोडून घेणं किती स्वस्त पडलं असतं.

म्हणून मसुदा आदल्या दिवशी मागा आणि तिला तिच्या बोलीत वाचून दाखवा. रक्कम किती, कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात, हे त्यात हवं. वकील नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रीला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आणि लोकअदालतीच्या गर्दीत कोणी म्हणालं, ‘बाई, आज सही नाही केली तर केस गेली,’ तर तिला सांगा की तसं होत नाही. समेट झाला नाही तर कोर्टातून आलेलं प्रकरण परत कोर्टात जातं आणि जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालतं.