मनगटावरचे घड्याळ आणि मालकीचा प्रश्न

(वागळे इस्टेट, ठाणे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



वागळे इस्टेटच्या रस्त्यांवर एके काळी कोणाला वेळ विचारावी लागत नसे. पाळीचा भोंगा झाला की साऱ्या वस्तीला वेळ कळे. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या कारभाराचा आरंभ याच वसाहतीतून झाला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६१ मध्ये, बंगलोरला एच.एम.टी. या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने मनगटी घड्याळांचे उत्पादन हाती घेतले. पुढे जावयाला लग्नात, मुलाला मॅट्रिक झाल्यावर आणि कामगाराला निवृत्तीच्या दिवशी एच.एम.टी.चे घड्याळ देण्याची प्रथाच पडून गेली.

एच.एम.टी. वॉचेस बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये घेतला. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनी गेली, पण तिची घड्याळे चालू आहेत. ठाणे स्टेशनच्या परिसरातला एखादा घड्याळजी डोळ्याला भिंग लावून झाकण उघडतो, तेल घालतो, स्प्रिंग बदलतो आणि वडिलांचे घड्याळ मुलाच्या मनगटावर पुन्हा टिकटिकू लागते. उत्पादकाच्या मृत्यूने वस्तू मरत नाही, कारण वस्तू पूर्णपणे ग्राहकाची झालेली असते.

आज भोंगे थांबले आहेत. कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तेथे संगणकापुढे बसणाऱ्या तरुणांच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ आले. ते पावले मोजते, नाडीचे ठोके मोजते, झोपेचा हिशेब ठेवते. या तरुणांची एक तक्रार मात्र वारंवार कानी येते. घड्याळ घेतले तेव्हा चांगले होते. मग ते करणारी कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि तेव्हापासून ते उतरत गेले. कालची सोय आज नाहीशी होते, नवे खाते उघडण्याची सक्ती होते, बिघाडाची दाद लागत नाही. ग्राहक याला यंत्राचा दोष समजतो. वास्तविक हा मालकीचा प्रश्न आहे आणि म्हणूनच समाजवादी कार्यकर्त्याने त्याचा विचार केला पाहिजे.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उदाहरण ‘पेबल’ या घड्याळाचे आहे. एरिक मिजिकोव्स्की या कॅनेडियन अभियंत्याने २०१२ मध्ये बँकेकडे न जाता थेट लोकांकडे भांडवल मागितले. सुमारे ६९ हजार लोकांनी एक कोटीहून अधिक डॉलर आगाऊ दिले. घड्याळ साधे होते. कागदासारखा पडदा, आठवडाभर टिकणारी बॅटरी आणि कोणाही हौशी माणसाला त्यासाठी प्रोग्रॅम लिहिण्याची मुभा. अशी वीस लाखांवर घड्याळे विकली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये फिटबिट कंपनीने पेबलची तंत्रविद्या आणि काही माणसे सुमारे २.३ कोटी डॉलरना घेतली. घड्याळे मात्र घेतली नाहीत. उत्पादन थांबले, हमी संपली आणि ३० जून २०१८ रोजी त्या घड्याळांना सेवा पुरविणारे संगणकही बंद करण्यात आले.

मोठ्या माशाने लहान माशाला गिळले. त्या मोठ्या माशालाही त्याहून मोठा मासा भेटला. नोव्हेंबर २०१९ मध्ये गूगलने २१० कोटी डॉलरना फिटबिट घेण्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२१ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. पुढची पावले क्रमाने पाहावीत. २०२२ मध्ये फिटबिटची जी नवी घड्याळे आली, त्यांतून बाहेरच्यांनी लिहिलेल्या ॲप्सची सोय गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गूगलने स्वतःच्या नावाचे घड्याळ बाजारात आणले. मार्च २०२३ मध्ये फिटबिटधारक ज्या चालण्याच्या स्पर्धा आपापसांत लावत आणि ज्या खुल्या गटांत एकत्र येत, ते सारे बंद झाले. त्याच वर्षापासून नव्या ग्राहकाला गूगलचे खाते सक्तीचे झाले.

भांडवल लहान कंपनी विकत घेऊन तिची वस्तू निस्तेज का होऊ देते? यामागे तीन हेतू संभवतात. पहिला हेतू कुशल माणसे आणि तंत्रविद्या मिळविण्याचा असतो. तेथे वस्तू हे केवळ टरफल ठरते. दुसरा हेतू स्पर्धक उरू न देण्याचा. औषधनिर्मितीच्या क्षेत्रातील अशा व्यवहारांचा कनिंगहॅम, एडरर आणि मा या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या अंदाजानुसार त्या क्षेत्रातील ५.३ ते ७.४ टक्के खरेद्या स्पर्धक औषध जन्माआधीच मारून टाकण्यासाठी झाल्या होत्या. हे प्रमाण लहान वाटेल. पण शंभरांत पाच-सात वस्तू केवळ गाडण्यासाठी विकत घेतल्या जाव्यात, ही बाब क्षुल्लक नव्हे. तिसरा हेतू माहितीचा. माणूस किती चालतो, कधी झोपतो, त्याचे हृदय कसे चालते, ही माहिती जाहिरातीच्या धंद्यात सोन्याच्या मोलाची आहे. युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गूगलला संमती देताना ही माहिती दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायची नाही, अशी अट घातली, ती याच भयापोटी. ही अट युरोपीय आर्थिक क्षेत्रातील ग्राहकांपुरती होती. पॅरिसच्या कारकुनाच्या नाडीला जे कुंपण मिळाले, ते ठाण्याच्या कारकुनाच्या नाडीला त्या अटीने मिळाले नाही.

येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. पेबल ही धट्टीकट्टी कंपनी कोणी कपटाने मारली, असे म्हणता येत नाही. विक्रीपूर्वीच ती पैशाच्या अडचणीत आली होती. परंतु यातून मूळ मुद्दा दुबळा न होता बळकटच होतो. मोठ्या भांडवलाच्या बाजारात चांगल्या वस्तूलाही एकटीला तगता येत नाही. आणि तगता आले नाही की तिला घेणारा गिऱ्हाईकही तेच मोठे भांडवल असते. मार्क्सने ज्याला भांडवलाचे केंद्रीकरण म्हटले, ते याहून वेगळे नव्हे.

असे व्यवहार आपल्याला नवे नाहीत. १९९१ मध्ये मक्तेदारी नियंत्रण कायद्यातील विलीनीकरणाच्या पूर्वसंमतीची तरतूद काढून टाकण्यात आली. त्यानंतर १९९३ मध्ये मुंबईच्या पार्ले कंपनीची पेये कोका-कोलाने घेतली. थम्स अप टिकले, गोल्ड स्पॉट बाजारातून गेले. त्याच सुमारास टाटा ऑइल मिल्सचे हिंदुस्थान लीव्हरमध्ये विलीनीकरण झाले. कामगार संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, परंतु १९९४ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण कायम ठेवले. तथापि त्या आणि या व्यवहारांत एक मोठा फरक आहे. गोल्ड स्पॉट दुकानातून गेले, पण प्यालेली बाटली परत मागायला कोणी घरी आले नाही. स्मार्ट घड्याळाच्या बाबतीत विकलेली वस्तूच मागाहून कमी केली जाते. पैसे एकदा पूर्ण घेतले जातात. वस्तू मात्र अर्धी ग्राहकाच्या मनगटावर आणि अर्धी विक्रेत्याच्या संगणकात राहते. ज्या खरेदीनंतर विक्रेता वस्तूत हवा तो बदल करू शकतो, तिला खरेदी म्हणण्यापेक्षा मुदत न सांगितलेली भाडेपट्टी म्हणणे अधिक योग्य होईल.

मग पर्याय काय? पहिला पर्याय पेबलच्या ग्राहकांनीच दाखविला. कंपनीची सेवा बंद झाली तेव्हा ‘रेबल’ या नावाने स्वयंसेवक एकत्र आले आणि त्यांनी पर्यायी सेवा उभी करून लाखमोलाची ती घड्याळे जिवंत ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पेबलची मूळ प्रणाली सर्वांसाठी खुली केली आणि मिजिकोव्स्की यांनी नव्या कंपनीमार्फत पुन्हा घड्याळे काढली. मालकाने सोडून दिलेले साधन श्रम करणाऱ्यांनी चालवून दाखवावे, हे आपल्या कामगार चळवळीला अपरिचित नाही. कुर्ल्याचा बंद पडलेला कमानी ट्यूब्स कारखाना चालविण्याची कामगारांची योजना १९८८ मध्ये मंजूर झाली, तेव्हा हेच सिद्ध झाले होते. पुढे तो कारखाना अडचणीत आला, हेही विसरता कामा नये. रेबलचेही सारे सुरळीत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये साठविलेल्या ॲप्सवर अधिकार कोणाचा, यावरून स्वयंसेवक आणि नवी कंपनी यांत जाहीर वाद झाला. सद्भावनेवर उभी असलेली व्यवस्था मालकीचा प्रश्न पुढे ढकलते, सोडवीत नाही.

दुसरा पर्याय खुल्या प्रणालीच्या घड्याळांचा. पाइनटाइम आणि बँगल जेएस ही अशी दोन घड्याळे आहेत; त्यांची प्रणाली कोणालाही वाचता येते, बदलता येते. गॅजेटब्रिज नावाचे मुक्त ॲप अनेक कंपन्यांची घड्याळे त्या कंपनीचे खाते न उघडता फोनशी जोडते आणि माहिती फोनमध्येच ठेवते. अर्थात या मार्गाला कष्ट पडतात. सर्व सोयी मिळत नाहीत आणि इंग्रजी सूचना वाचून खटाटोप करण्याची सवड प्रत्येकाला नसते. पाळी संपवून डोंबिवलीची गर्दीची लोकल गाठणाऱ्या माणसाला ‘तू स्वतःच शिकून घे’ असे सांगणे ही त्याची थट्टा आहे. म्हणून हे ज्ञान सामूहिक व्हावयास हवे. वागळे इस्टेटमध्ये औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथे लेथ शिकविले जाते तसेच खुल्या प्रणालीचे घड्याळ उघडणे, दुरुस्त करणे आणि चालविणे का शिकविले जाऊ नये?

तिसरा पर्याय कायद्याचा, आणि तो टाळून पहिले दोन टिकणार नाहीत. २०२३ च्या दुरुस्तीने स्पर्धा कायद्यात अशी तरतूद आली की, भारतात भरीव व्यवसाय असलेल्या कंपनीच्या खरेदीचे मूल्य २,००० कोटी रुपयांहून अधिक असेल तर आयोगाची पूर्वसंमती लागेल. १० सप्टेंबर २०२४ पासून ती अमलात आहे. हे स्वागतार्ह आहे. परंतु पेबलचा व्यवहार त्या वेळच्या दराने दोनशे कोटी रुपयांच्याही आतला होता. तो या चाळणीतून अलगद खाली पडला असता. व्यवहाराची किंमत मोजणारा कायदा ग्राहकाचे नुकसान मोजत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. घड्याळाला किती वर्षे सेवा मिळणार, ते खोक्यावर छापलेले असावे. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोन आणि टॅबलेटसाठी विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे प्रणालीची सुधारणा बंधनकारक केली आहे; मनगटी घड्याळे तेथेही वगळली गेली. कंपनी विकली गेली तरी जुन्या ग्राहकाला दिलेले वचन नव्या मालकावर बंधनकारक असावे. सेवा बंद करावयाची असेल तर प्रणाली खुली करण्याची अट असावी. गूगलने पेबलच्या बाबतीत आठ वर्षांनी स्वेच्छेने केले, ते पहिल्या दिवशी कायद्याने झाले पाहिजे. आणि आपल्या शरीराची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क ग्राहकाला मिळावा. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करण्याचा व पुसून टाकण्याचा हक्क आहे, ती सोबत नेण्याचा नाही.

एवढ्याशा घड्याळासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. इंग्लंडमध्ये कारखानदारीच्या आरंभी मालक घड्याळाचे काटे पुढे-मागे करून कामगाराकडून जादा काम उकळीत, याच्या नोंदी ई. पी. टॉम्प्सन या इतिहासकाराने १९६७ च्या आपल्या निबंधात दिल्या आहेत. कामगाराच्या खिशात स्वतःचे घड्याळ आले, तेव्हा त्या लबाडीला पहिला साक्षीदार मिळाला. मनगटावरचे घड्याळ हे असे मालकाच्या घड्याळाविरुद्धचे साधन होते. आज ते आहे कामगाराच्याच मनगटावर, पण त्याचे काटे पुन्हा दुसऱ्याच्या हाती गेले आहेत. ते परत मिळविणे हे काम एकट्या ग्राहकाचे नाही. ते संघटनेचे आहे.