कामाला निघालेल्या बाईचा खिसा
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापलाय 'नोकरीच्या ठिकाणी शोभेल असा पोशाख'. रंग कोणते, कापड कोणतं, उन्हाळ्यात सुती का बरं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मे महिन्यात पॉलिस्टर घालून बसची वाट पाहिलेल्या बाईला ते मी काय सांगणार? राज्य सरकारनं ८ डिसेंबर २०२० रोजी काढलेलं पोशाखाचं परिपत्रकही आठवत असेल. साडी, सलवार-कुडता, शुक्रवारी खादी, स्लिपर नको. जीन्सवरून तेव्हा केवढी चर्चा झाली! मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. खिशाबद्दल त्यात मला एक अक्षर सापडलं नाही.

मी २८ वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे, आणि माझं ठाम मत आहे की ज्याला खिसा नाही तो कामाचा कपडाच नाही. (हशा) हसा, पण शेजारच्या गृहस्थांचे खिसे मोजा. शर्टाला एक, पँटीला पुढे दोन, मागे एखाद-दुसरा. आणि त्यांच्या बाजूच्या ताईंच्या मांडीवर पर्स, पर्सवर मोबाइल, मोबाइलवर हात.

आपल्या आज्यांची अशी अडचण नव्हती. नऊवारीचा काष्टा मारला की पाय मोकळे, ओच्यात भाजी मावायची, पैसे कमरेला. मासे विकणारी कोळीण आजही सुटे द्यायला कमरेशी हात नेते. आपण पाचवारीवर आलो, मग ड्रेसवर, आणि ही सोय वाटेत कुठेतरी गळून पडली. तिकडे परदेशातही तेच. 'द पुडिंग' या अमेरिकी प्रकाशनानं २०१८ साली २० ब्रँडच्या ८० जीन्स मोजल्या, तर बायकांचा पुढचा खिसा पुरुषांच्या खिशापेक्षा सरासरी ४८ टक्के उथळ निघाला. म्हणजे निम्मा!

एक हकीकत थोडक्यात सांगते. माझ्याकडे एका बँकेतल्या ताई यायच्या. तिजोरी उघडायला दोघांच्या किल्ल्या लागतात, त्यातला एक जुडगा ताईंकडे. किल्ल्या अंगावरच ठेवायच्या. दुसऱ्या साहेबांचा जुडगा त्यांच्या पँटीच्या खिशात. ताईंना खिसाच नाही, म्हणून त्या रुमालात बांधून सलवारीच्या नाडीला अडकवायच्या. दिवसभर कमरेला टोचायच्या त्या, वाकलं की खळखळायच्या, खुर्चीत बसताना पुढून मागे सरकवाव्या लागायच्या. एकदा हात-पाय धुताना गाठ सोडून खिडकीत ठेवल्या आणि राहिल्या तिथेच. बाहेर पैसे काढायला रांग, आत अर्धा तास शोधाशोध. किल्ल्या मिळाल्या. पण त्या संध्याकाळी ताई माझ्याकडे आल्या, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काकू, आज सगळ्यांदेखत मला वेंधळी म्हणाले. आठ वर्षांत माझी कॅश एका रुपयानं चुकलेली नाही हो." त्याच रात्री मी त्यांच्या राखाडी कुडत्याची बाजूची शिलाई उसवली. तेव्हापासून खिशाविना एक कुडता माझ्या मशीनखालून गेलेला नाही.

शिंपी म्हणतात, कुडत्याला खिशाला जागाच नसते. काही अंशी खरं आहे, कारण बाजूचा कट नेमका तिथेच सुरू होतो. जागा काढावी लागते. कट दोन बोटं खाली घ्यायचा. खिशाचं तोंड कमरेखाली एक इंचावर, सहा इंचांचं. त्याखाली पिशवी आणखी चार-साडेचार इंच, म्हणजे वाकलं तरी मोबाइल बाहेर येत नाही. पिशवी पुढच्या भागाकडे वळवायची, नाहीतर कटातून डोकावते. मोबाइलचं वजन २०० ग्रॅमच्या आसपास. रेयॉन त्यानं ओढलं जातं आणि खांदा घसरतो. म्हणून पिशवी पॉपलिनची, आणि तोंडाला आतून सुती फीत.

खिशानं कपडा बेढब दिसतो म्हणतात. जागा चुकली तर दिसतोच. पण दोन्ही हात मोकळे असलेली बाई मीटिंगमध्ये कशी उभी राहते, बोलताना तिचे हात कसे चालतात, ते बघा. मला तिच्याइतकं रुबाबदार कुणी दिसत नाही.

चिठ्ठी आली आहे: 'मग पर्स कशासाठी असते?' (हशा, टाळ्या) अहो, पर्स टेबलापाशी राहते, बाई वॉर्डात जाते, रेकॉर्ड रूममध्ये जाते. फळ्यावर लिहिताना शिक्षिकेनं पर्स कुठे धरायची? नाही, हा गमतीचा प्रश्न नाही. ज्यांनी चिठ्ठी पाठवली त्यांनी एक दिवस आपले सगळे खिसे शिवून कामावर जावं. टाके मी घालून देते, पैसे घेणार नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. साडीचं राहिलंच की! दोन मिनिटं द्या. साडी नेसणाऱ्यांनी परकराला उजवीकडे चेनचा खिसा लावून घ्या, निऱ्यांपासून दूर, म्हणजे निऱ्या ओढल्या जात नाहीत. आणि खिसा माप देतानाच सांगा. कपडा शिवून झाल्यावर सांगितलात तर शिंपी उगाच कुरकुरेल. अर्धा मीटर पॉपलिन सोबत न्या. मी दोन कुडते आणलेत, ते उलटे करून इथे टेबलावर ठेवते. शिलाई आतून बघा, हात घालून बघा. टेप माझ्याकडे आहे.