न समजता मान डोलावू नका

(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



परदेशात कला शिकायला जाण्याबद्दल बोल, असं मला सांगितलंय. अर्ज, व्हिसा आणि खर्चाबद्दल जेवणानंतर बसून बोलू. आत्ता मी तिथे केलेली एक चूक सांगते.

मी मिरजेची. घरात दखनी, शाळा मराठी, मुंबईच्या कला महाविद्यालयात इंग्रजी. तिसऱ्या वर्षी एक्स्चेंजमध्ये एका सत्रासाठी जर्मनीतल्या कला महाविद्यालयात गेले. आमच्या करारात फी इथल्याच कॉलेजात भरायची होती. प्रवास, राहणं, खाणं आपलं. त्यासाठी अब्बांनी कर्ज काढलं. जर्मन मी ए-वन, म्हणजे सहा पायऱ्यांतली पहिली, एवढीच शिकले होते. त्यात दुकानातून ब्रेड आणता येतो, तास समजत नाही.

मी लिथोग्राफी, म्हणजे दगडावरची छपाई शिकत होते. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढायचं, त्यावर डिंक आणि थोडं आम्ल लावायचं. मग दगड ओला करून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त तेलकट रेघांवर बसते. छपाई संपली की कार्बोरंडमची पूड आणि पाणी टाकून दगड घासायचा. जुनं चित्र जातं, दगड पुन्हा कोरा.

ही कला जर्मनीत अठराव्या शतकाच्या शेवटी आलॉइस सेनेफेल्डरनं शोधली, पण आपलंही तिच्याशी नातं आहे. नस्तालीक लिपी खिळ्यांत बसवणं अवघड, म्हणून एकोणिसाव्या शतकात मुंबई-लखनौत उर्दू-फारसी किताबं मोठ्या प्रमाणात दगडावरून छापली गेली. कातिबाचं अक्षर जसंच्या तसं कागदावर उतरायचं. हे वाचूनच मी हा विषय निवडला होता.

एका सकाळी कार्यशाळेचे प्रमुख एका दगडाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘एअर्स्ट श्लाइफन, वेन देअर द्रुक फेर्टिश इस्ट.’ ‘श्लाइफन’ म्हणजे घासणं, हे माहीत होतं. ‘एअर्स्ट’चा अर्थ मी ‘आधी’ असा लावला. पुढचं कळलं नाही. ‘या, या’ म्हणत मान डोलावली. ते निघून गेले.

दगडावरचा डिंक ताजा दिसत होता. शंका आली होती. पण जर्मन वाक्य जुळेना, आणि इंग्रजीत विचारलं तर मघाशी समजलं नव्हतं हे उघड होणार. मी दगड घासला. तासभर, मन लावून.

वाक्याचा अर्थ होता, ‘छपाई पूर्ण झाल्यावरच घास.’

ते चित्र माझ्या वर्गातल्या मुलीचं होतं. दोन आठवड्यांची मेहनत, आणि तिनं चाचणीचे दोनच छाप काढले होते. ती ओरडली नाही. नुसती दगडाकडे बघत उभी राहिली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

प्रमुख इंग्रजीत म्हणाले, ‘मला वाटायचं, तुमच्याकडे मुली कमी बोलतात.’ माझ्या डोक्यावरच्या ओढणीमुळे त्यांचा तसा समज झाला असावा. खरं सांगायचं तर तो समज मला सोयीचा होता. त्यामागे माझं न समजणं झाकलं जात होतं. म्हणून मीही तो कधी खोडला नाही.

त्या रात्री झोप लागली नाही. ही सवय मला जर्मनीत लागली नव्हती. पहिलीत बाई मराठी बोलायच्या, मला दखनी यायची. मुलं हसतील म्हणून मी मान डोलावायचे. मुंबईत इंग्रजी तासांनाही तेच केलं. तुमच्यापैकी किती जणांनी केलंय, ते मी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला सांगितलं, ‘इश हाबे एस निश्ट फेरश्टांडन.’ मला समजलं नव्हतं. तिथे मी मनापासून बोललेलं हे पहिलं जर्मन वाक्य. मी तिला नवा दगड तयार करून दिला, छपाईला मदत केली. तिनं चित्र पुन्हा काढलं, पण म्हणाली, ‘हे ते नाही.’ खरंच होतं.

त्यानंतर मी एक नियम केला. कोणी काही सांगितलं की तेच माझ्या मोडक्यातोडक्या शब्दांत परत म्हणून दाखवायचं आणि विचारायचं, ‘बरोबर?’ वेळ जातो, लोक कधी हसतात. पण दगड वाचतो.

आणि निघण्याआधी भाषेला वेळ द्या. चित्रकार सय्यद हैदर रझा 1950 मध्ये शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले, त्याआधी मुंबईत फ्रेंच शिकले होते. जर्मनसाठी मुंबई-पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. पहिल्या पायरीवर थांबू नका. तरीही तिथे अडाल. अडलात तर सांगा.

आता प्रश्न विचारा. माझं काही समजलं नसेल, तर त्यानेच सुरुवात करा.