तणनाशकाची बाटली घेण्यापूर्वी



मृगाचे दोन पाऊस पडले की तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रापुढे जी गर्दी होते, तीत हल्ली बियाणं मागणाऱ्यांच्या बरोबरीनं "गवत मारायचं औषध द्या" असं म्हणणारेही दिसतात. शेतकरी असतात, शाळेच्या पटांगणाची काळजी लागलेले हेडमास्तर असतात, घरापुढे चार वाफ्यांची बाग केलेली पेन्शनर मंडळीही असतात. दुकानदार विचारतो, "कोणतं गवत?" बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "सगळंच!" या "सगळंच"मधून पुढे काय काय निघतं, त्याविषयी आज थोडं बोलायचं आहे. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पण जी हकिकत सांगणार आहे ती वर्गातली नाही, आणि तीत चूक माझी आहे.

2016 च्या जुलैत मी वऱ्हाडातल्या माझ्या गावी गेलो होतो. शाळेचं पटांगण गाजरगवतानं भरून गेलं होतं. कुणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात. 1950 च्या दशकात पुण्याकडे ते प्रथम नजरेस आलं आणि तिथून देशभर पसरलं. एकेक झाड हजारो बिया टाकतं, आणि त्याच्या स्पर्शानं कित्येकांच्या अंगाला खाज सुटते. म्हणून मुलांकडून ते उघड्या हातांनी उपटून घेऊ नये, हे शिक्षकबंधूंना जाता जाता सांगून ठेवतो. हेडमास्तर म्हणाले, "सर, तुम्ही बॉटनीचे. तुम्हीच सांगा काय मारायचं."

मी टू-फोर-डी सांगितलं. निवड चुकीची नव्हती. हे औषध रुंद पानांच्या तणावर चालतं, गवताच्या जातीला सहसा धक्का लावत नाही. गाजरगवत रुंद पानांचं, आणि पटांगणात खाली हरळी होती, ती आम्हाला हवी होती. गाजरगवत अजून फुलावर आलेलं नव्हतं, म्हणजे वेळही योग्य. शेजारच्या काकांचा पाठीवरचा पंप मागून आणला, फवारणी केली, पंप साध्या पाण्यानं दोनदा विसळला आणि परत दिला. आठवड्यात गाजरगवत वाकडंतिकडं होऊन माना टाकू लागलं. मी खुशीत कॉलेजला परतलो.

चार दिवसांनी काकांनी त्याच पंपानं पऱ्हाटीवर तुडतुड्यांचं औषध मारलं.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "भाऊ, माझी पऱ्हाटी भेंडीवाणी झाली रे. पानं पाहाले ये." गेलो. विहिरीजवळच्या तासांत कपाशीची पानं अरुंद, चिरलेली, बोटांसारखी झाली होती. शेंडे आखडलेले, पात्या गळालेल्या. पुढच्या तासांत तेच, पण थोडं कमी. शेवटची तासं चांगली होती. काका पहिला पंप विहिरीवर भरून पुढे पुढे गेले होते, आणि पंपात उरलेलं माझं औषध प्रत्येक भरणीला पातळ होत गेलं होतं. रोग समजून ते आणखी एक फवारणी करण्याच्या बेतात होते, तेवढी मी थांबवली. पुढे काही झाडांना नवी पानं नीट आली, पण विहिरीजवळच्या तासांत वेचायला फारसं काही आलं नाही.

टू-फोर-डीपुढे कपाशी फार नाजूक. द्राक्ष आणि टोमॅटोही तसेच. ते पंपाला, नळीला, वॉशरला धरून बसतं. नुसत्या विसळण्यानं जात नाही. धुण्याचा सोडा पाण्यात कालवून रात्रभर पंपात ठेवावा, नळीतून सोडावा, मग स्वच्छ पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावा. तरीही खरा उपाय म्हणजे तणनाशकाचा पंपच वेगळा. शिवाय या औषधाचे प्रकार दोन: एस्टर आणि अमाइन. एस्टरची वाफ उडून शेजारच्या शेतात जाते, अमाइनची कमी. शेजारी कपाशी असेल तर मी दोन्ही टाळीन.

आता ती हरळी. पटांगणात आणि बागेच्या हिरवळीत जिला आपण जपतो, गणपतीला जिच्या दूर्वा वाहतो, तीच शेतात शिरली की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणते. म्हणजे तण कोणतं हे जागेवर ठरतं, आणि ते काही बाटलीला कळत नाही. ग्लायफोसेट हिरवं दिसेल ते मारतं. पानातून ते मुळापर्यंत उतरतं म्हणून कुंदा-हरळीवर त्याचा गुण येतो, पण हिरवळीवर मारलं तर हिरवळच जाईल. गढूळ पाण्यात कालवलं तर पैसे वाया, कारण मातीला चिकटून ते निकामी होतं. आपल्या देशात त्याला मान्यता होती ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. 2022 च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारनं अधिसूचना काढून ते फक्त कीडनियंत्रणाचा परवाना असलेल्यांनीच वापरावं असं ठरवलं. दुकानात मिळतं एवढ्यावर विसंबू नका, आजचा नियम कृषी कार्यालयात विचारा.

नागरमोथा गवतासारखा दिसतो, पण गवत नव्हे. कांडी बोटांत फिरवून पाहा, तिकोनी लागेल. जमिनीत त्याच्या गाठींची माळ असते. डवऱ्यानं ती तुटली की गाठ गाठ स्वतंत्र उगवते. उसात त्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन वापरतात. चार वाफ्यांच्या बागेत मात्र पाऊस पडल्यावर खुरप्यानं गाठीसकट काढणं बरं, आणि ते दोन-तीन वर्षं चिकाटीनं करावं लागतं.

शेवाळाबद्दल थोडक्यात. हिरवळीतलं शेवाळ हिराकशीच्या पाण्यानं काळं पडून मरतं, पण फरशीवर ते पाणी सांडलं तर तांबडे डाग राहतात. सावली आणि साचलेलं पाणी कायम असेल तर पुढच्या पावसात शेवाळ पुन्हा हजर. शाळेच्या पायऱ्यांवरचं शेवाळ ताठ झाडूनं खरवडावं आणि पन्हळाचं पाणी दुसरीकडे वळवावं.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहायला विसरू नका. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, शेवटी हिरवा. मात्र तो रंग माणसाला किती धोका ते सांगतो. शेजारच्या पिकाला किती, ते नव्हे. आणि पॅराक्वाट नावाचं तणनाशक पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, म्हणून कुठलंही औषध पाण्याच्या वा दारूच्या बाटलीत ओतून ठेवू नका. सोबतचं माहितीपत्रक घडी घालून मुंगीच्या अक्षरांत छापलेलं असतं खरं. घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाकडून वाचून घ्या.

शाळेनं पुढच्या वर्षी स्वतःचा पंप घेतला. हेडमास्तरांनी त्यावर लाल रंगानं "तण" एवढंच लिहून तो कोठीत टांगला आहे. काकांनी विहिरीजवळच्या तासांचे पैसे माझ्याकडून घेतले नाहीत. त्यांचा पंपही त्यानंतर मला कधी दिला नाही.