गर्भाशयमुखाचा कर्करोग: उपचार अर्धवट सोडू नका

गर्भाशयमुखाचा कर्करोग ओटीपोटाच्या कडेपर्यंत पसरला, तरी ‘ऑपरेशन करून गाठ काढून टाका’ असा घरच्यांचा आग्रह असतो. पण या टप्प्यावर खरी मदार असते ती किरणोपचारांवर. आठवड्यातून पाच दिवस, साधारण पाच आठवडे, बाहेरून किरण देतात. सोबत आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेतून देतात; त्याने किरणांचा परिणाम वाढतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ‘तीन-बी’ म्हणजे याच टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर याचा अभ्यास केला. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: पाच वर्षांनी नुसते किरणोपचार घेतलेल्या ४६ टक्के, तर दोन्ही घेतलेल्या ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. शंभरातल्या आणखी आठ जणी वाचल्या. हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

बाहेरून किरण देऊन झाले की पुढची पायरी असते ब्रॅकीथेरपी; तीत किरणांचा स्रोत थेट गर्भाशयमुखापाशी ठेवतात. तोवर रक्तस्राव थांबलेला असतो, बरं वाटू लागतं, आणि घरी परतायची ओढ लागते. कृपा करून इथे थांबू नका! सगळे उपचार आठ आठवड्यांच्या आत पुरे व्हायला हवेत. मूत्रपिंडं कमजोर असतील तर सिस्प्लॅटिन टाळावं लागतं. तेव्हा डॉक्टर दुसऱ्या औषधाचा विचार करतात, किंवा फक्त किरणोपचार पूर्ण करतात.