दास्यांतलीं भक्तिगीतें



जात्यावर बसलें कीं ओवी सुचते, अशी आपल्याकडे म्हण आहे. श्रमांतून गाणें येतें आणि गाण्यानें श्रम हलके होतात, हें आपल्या मायभगिनींना कोणीं शिकवावें लागलें नाहीं. परंतु जातें आपल्या घरचें असतें. जेथें शेत परक्याचें, आणि राबणारा देहहि परक्याच्याच मालकीचा, तेथें माणसाच्या कंठांतून कोणतें गाणें निघेल? आज मी ज्या ख्रिस्ती लोकगीतांविषयीं बोलणार आहें, तीं अशाच कंठांतून निघालेलीं आहेत.

अमेरिकेंतील गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. तोंपर्यंत आफ्रिकेंतून धरून आणलेल्या लोकांचे वंशज दक्षिणेकडील राज्यांत कापसाच्या व भाताच्या शेतांत राबत होते. त्यांना अक्षरओळख करून देणें हा अनेक राज्यांत गुन्हा होता. त्यामुळें बायबल त्यांच्यापर्यंत पोहोंचलें तें बहुतांशीं कानांवाटे. मिसरच्या दास्यांतून आपल्या लोकांना सोडविणारा मोशे, सिंहांच्या गुहेंतून सुखरूप बाहेर आलेला दानिएल, यार्देन नदीपलीकडचा कनान देश, ह्या कथा त्यांना परक्या वाटल्या नाहींत. एकानें चरण म्हणावा, इतरांनीं ध्रुपद उचलावें, अशा रीतीनें त्या कथांचीं गीतें झालीं. त्यांच्या बहुतेक कर्त्यांचीं नांवें काळाच्या उदरांत गेलीं आहेत.

येथें एक शंका सहज येते. परलोकींच्या सुखाच्या आशेनें इहलोकींचा अन्याय मुकाट्यानें सोसण्याची संवय तर लागत नाहीं ना? गुलाम गातात त्या अर्थीं ते सुखी आहेत, अशी कित्येकांची समजूत होतीच. फ्रेडरिक डग्लस हे स्वतः दास्यांत जन्मलेले. १८३८ सालीं ते निसटले. १८४५ सालच्या आत्मचरित्रांत त्यांनीं ह्या समजुतीचें खंडन केलें. गुलाम अत्यंत दुःखी असतो तेव्हांच तो अधिक गातो, आणि रडल्यानें मन हलकें व्हावें तसें त्याचें गाण्यानें होतें, असा त्यांचा अनुभव. पुढें १८५५ सालच्या ग्रंथांत ते सांगतात कीं, आम्ही कनान म्हणत असूं तेव्हां आमच्या मनांत उत्तरेकडील मुक्त प्रदेश असे. स्वर्ग आणि स्वातंत्र्य एकाच शब्दांत नांदत होतीं.

मुक्त झालेल्या लोकांसाठीं नॅशव्हिल येथें १८६६ सालीं फिस्क विद्यालय निघालें. पांच वर्षांत तें कर्जांत बुडालें. तेव्हां तेथील खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट हे नऊ विद्यार्थी-विद्यार्थिनींचा मेळा घेऊन १८७१ च्या ऑक्टोबरांत बाहेर पडले. त्यांतील बहुतेक गुलामगिरींतच जन्मलेले होते. आईबापांचीं हीं गीतें चारचौघांत गाण्यास मुलें प्रथम राजी नव्हतीं. त्यांत दास्याची आठवण होती, आणि घरीं तीं पवित्र मानलीं जात. पण तीं गाइलीं तेव्हांच श्रोत्यांचीं अंतःकरणें हललीं. बायबलांत पन्नासाव्या वर्षीं दासांची मुक्तता सांगितली आहे. त्या योबेल वर्षावरून मेळ्यास ‘ज्युबिली’ हें नांव पडलें. १८७३ सालीं इंग्लंडांत व्हिक्टोरिया राणीसमोर त्यांचें गायन झालें, आणि मिळालेल्या द्रव्यांतून विद्यालयाची भव्य इमारत उभी राहिली. त्याच १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेंतील दास्यविमोचकांस अर्पण केला, हा योगायोग मराठी माणसानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

पुढें १९६० च्या सुमारास समान नागरी हक्कांसाठीं निघालेल्या मिरवणुकींत ह्यांपैकीं कांहीं गीतें शब्द थोडे बदलून पुन्हां गाइलीं गेलीं. ज्या गीतांनीं आजोबांस सोसण्याचें बळ दिलें, त्यांनींच नातवांस चालण्याचें बळ दिलें. माझ्या मतें वरील शंकेचें उत्तर येथेंच मिळतें. एकट्याचें दुःख दहाजणांच्या सुरांत मिसळलें म्हणजे तें नाहींसें होत नाहीं; परंतु हें असेंच राहणार नाहीं, असें म्हणण्याचें धैर्य येतें. आपला धर्म कोणताहि असो, हीं गीतें अवश्य ऐकावीं. मात्र पहिल्या हुंदक्यापाशीं थांबूं नये. शेवटचें ध्रुपद सर्वांनीं मिळून उचलेपर्यंत ऐकत राहावें.