नाव दुरुस्त करणारे हात

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात कारेगाव येथे दिलेले व्याख्यान)



कारेगावच्या मास्तराने उठून बोटींच्या दुरुस्तीवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना हसू येईल. आपला तालुका अवर्षणाचा आणि मुंबईचा समुद्र दोनशे किलोमीटरवर. पण हजरत नूह (अ. स.) नाव बांधीत होते, तेव्हाही येणारे-जाणारे हसतच होते, हे कुराण शरीफात आपण वाचले आहे. तेव्हा थोडे हसून घ्या आणि मग माझे ऐका.

माझा एक माजी विद्यार्थी रस्त्यावरच्या एका गॅरेजात काम करतो. डिझेल इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून दोष कोठे आहे ते तो सांगतो. एकदा एका शिकाऊ भरतीची जाहिरात मी त्याला दाखवली. तो म्हणाला, "सर, दहावीचं गणित राहिलंय." हुन्नर हातात आहे, पण कागदावर त्याची कोठेच नोंद नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुलांची हीच कहाणी आहे. म्हणून आज मी हा विषय निवडला.

बोट म्हटले की तांडेल आणि खलाशी आपल्या डोळ्यांसमोर येतात. परंतु बोट पाण्यात राहते ती दुरुस्ती करणाऱ्यांच्या जिवावर. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढतात. तळाला चिकटलेले शिंपले खरवडून काढायचे, लाकडी फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, फायबरच्या बोटीला तडा गेला असेल तर काचतंतूची जाळी व रेझिन यांचे थर द्यायचे, शाफ्ट सरळ आहे की नाही ते पाहायचे, पंखा तपासायचा, अशी शेकडो कामे असतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा आणि राजिवड्यातील आपल्या कोकणी मुस्लिम बांधवांना हे सांगावे लागत नाही.

यात विज्ञानही आहे. खारे पाणी लोखंड खाते. म्हणून पोलादी बोटीच्या तळाला जस्ताचे ठोकळे बसवतात. जस्त आधी झिजते आणि पोलाद वाचते. ठोकळे झिजले की नवे बसवायचे. नववी-दहावीच्या रसायनशास्त्रात आपण हेच शिकवतो, पण मुलाला वाटते की हे फक्त परीक्षेपुरते आहे. ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन आणि बोटीचे इंजिन यांचे मूळ तत्त्व एकच. फरक इतकाच की ट्रॅक्टर शेतात बंद पडला तर माणूस चालत घरी येतो. भर समुद्रात इंजिन बंद पडले तर कोठे चालत येणार?

हा प्रश्न केवळ कोकणाचा नाही. दौंड-इंदापूरच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यात रोज होड्या चालतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. वारा कोणाच्या हातात नाही. परंतु बोट सुस्थितीत असणे आणि तीत पुरेशी जीवरक्षक जाकिटे असणे माणसाच्या हातात आहे. त्याच वर्षी १८ डिसेंबरला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून प्रवासी नौकेवर आदळली. १५ माणसे दगावली. इंजिन हे किती जोखमीचे काम आहे, ते यावरून कळावे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने नदी-तलावांतील यांत्रिक बोटींची तपासणी व नोंदणी आवश्यक केली आहे. तपासणी आली की जाणकार कारागीर लागणारच.

आता शिक्षणाच्या वाटा सांगतो. पहिली वाट आय. टी. आय. ची. वेल्डर आणि डिझेल मेकॅनिक हे एक वर्षाचे, तर फिटर हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दुसरी वाट माझगाव डॉकची. १९६० पासून सरकारी मालकीच्या असलेल्या या गोदीत युद्धनौका आणि पाणबुड्या बांधल्या जातात. शिकाऊ उमेदवारांच्या भरतीत तेथे आठवी, दहावी व आय. टी. आय. उत्तीर्ण असे वेगवेगळे गट असतात आणि शिकत असताना विद्यावेतन मिळते. तिसरी वाट केंद्र सरकारच्या मत्स्य नौकानयन व अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेची. ही संस्था १९६३ साली कोचीला सुरू झाली. पुढे चेन्नई व विशाखापट्टणम येथे तिच्या शाखा निघाल्या. तेथे दहावीनंतर दोन वर्षांचा 'मरीन फिटर' अभ्यासक्रम आहे. प्रवेशाला गणित आणि विज्ञानाचे गुण पाहतात. याखेरीज राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याची सहा महिन्यांची प्रशिक्षणे आहेत, पण ती मुख्यतः मच्छीमार तरुणांसाठी आहेत.

पालकांनो, यातील एकाही वाटेच्या आड आपला गाव येत नाही. आड येते ते अर्धवट सोडलेले शिक्षण. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीची चिमणी आपल्या दारातून दिसते. आपल्या मुलांना यंत्राची भीती नाही. त्यांना भीती आहे ती गणिताच्या पेपरची आणि अर्जाच्या फॉर्मची. चौदाव्या वर्षी मुलगा गॅरेजात गेला की घरात चार पैसे लवकर येतात, हे मी जाणतो. गरिबी मीही पाहिली आहे. पण तोच मुलगा दहावी होऊन गेला, तर कारागीर म्हणून जाईल. नाहीतर चाळिशीतही त्याला 'ए पोऱ्या' म्हणूनच हाक मारतील.

संस्थेला माझ्या तीन नम्र सूचना आहेत. गॅरेजात काम करणाऱ्या मुलांसाठी रात्री गणित-विज्ञानाचा वर्ग चालवावा आणि त्यांना बाहेरून दहावीला बसवावे. अशा भरतीच्या जाहिराती शाळेच्या आणि मशिदीच्या फलकावर वेळेवर लावाव्यात व फॉर्म भरायला एक शिक्षक नेमावा. आणि आपल्या शिष्यवृत्त्यांपैकी निदान एक तरी हाताचे कसब शिकणाऱ्या मुलासाठी किंवा मुलीसाठी राखावी.

शेवटी एक गोष्ट सांगतो. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज बांधले गेले. आज दोनशे वर्षांनंतरही ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. बांधणाऱ्यांचे कौतुक तर आहेच. परंतु मधल्या काळात ते मोडकळीस आले असता कारागिरांनी वर्षानुवर्षे खपून ते पुन्हा उभे केले, म्हणून ते टिकले. समाजाचेही असेच असते. गळती कोठे आहे ते पाहून, वेळीच ठोकून ती बुजवावी लागते. आपली गळती आठवी ते दहावीच्या मध्ये आहे.

त्या विद्यार्थ्याने यंदा गणिताचा फॉर्म भरला आहे. त्याच्यासाठी दुआ करा, आणि त्याच्यासारख्या एकेका मुलाचा हात धरा.